चोरासाठी लिहिलेली पत्रकं

आमच्या घरचा नियम होता: हातात दिलेलं पत्रक वाचल्याशिवाय टाकायचं नाही, विरोधकाचं असलं तरी. बाबांनी कारखान्यातली नोकरी सांभाळून आयुष्यभर पत्रकं लिहिली, गेटवर उभं राहून वाटली. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. निवृत्तीनंतर वारज्याच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी ती सगळी स्कॅन केली. मूळ कागद वाळवीनं केव्हाच पोखरले होते. ते टाकून दिले.

मग एका सकाळी ‘निषेध सभा – पत्रक’ अशी मेल आली. नियम तो नियम. बाबांनी फाइल उघडली. थोड्याच वेळात संगणकावरचं सगळं कुलूपबंद झालं आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली.

“देऊन टाकू या का गं?” बाबांनी विचारलं.

हा माणूस मालकापुढे कधी वाकला नव्हता. त्याच्या तोंडून तो प्रश्न वदवणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

“दमडी द्यायची नाही. त्यालाच घरी बोलवू.”

माझी नोकरी याच कामाची. खोटा संगणक मांडायचा, व्हायरसला आत येऊ द्यायचं आणि तो काय काय करतो ते टिपायचं. जुना लॅपटॉप घेतला, बाकी सगळ्यापासून वेगळा ठेवला आणि तीच फाइल त्यावर उघडली. दोन दिवस काहीच नाही. लॅपटॉपवर एकही कागद नव्हता; रिकामं घर व्हायरसनं ओळखलं होतं.

“पिंजऱ्यात भजं लावलंस का?” बाबा म्हणाले.

“नाही.”

“मग उंदीर काय तुझी पदवी बघायला येणार?”

मी पत्रकं लिहायला बसले. सगळी त्या चोराला उद्देशून. बाबा मागून दुरुस्त्या सांगत. “‘भुरट्या’ खोड. लाडानं हाक मारल्यासारखं वाटतं.” इतकं मन लावून मी कधीच लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी व्हायरस जागा झाला आणि आमची एकेक शिवी गिळू लागला.

चोर आळशी निघाला. कुलपाची किल्ली तो संगणकाच्या घड्याळातल्या कुलूप लावतानाच्या वेळेवरून बनवत होता.

“बाबा, फाइल किती वाजता उघडलीत?”

त्यांनी चष्म्याच्या घरातून चिटोरं काढलं. मिळालेल्या प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात ते वार आणि वेळ लिहीत. “पडद्यावर लिहिता येईना, म्हणून इथे लिहिलं. मंगळवार, दहा चाळीस.”

तिथून पुढचा क्षणन् क्षण माझ्या प्रोग्रामनं किल्ली म्हणून लावून पाहिला. संध्याकाळी पहिलं पत्रक उघडलं. बाबा बराच वेळ ते वाचत राहिले, मग म्हणाले, “झालं ना? आता सोड.”

मी सोडलं नाही. ते कुलूप उघडायची रीत पायरीपायरीनं लिहून काढली आणि सगळ्यांसाठी फुकट खुली केली. हो, मी त्याच्या पोटावर पाय दिला. दोन्ही पाय दिले असते.

खुली करण्याआधी बाबांनी मजकूर तपासला आणि तळाशी आपल्या पत्रकांतली नेहमीची ओळ घालायला लावली: वाचा आणि पुढच्याच्या हातात द्या.