सर्किट बंद, करंट चालू

कडुबाकाका ऑनलाइन टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा देशमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर आमच्या चितेगावच्या कंपनीचे ट्रेनिंग हेड. कोर्स मी बनवलेला. मेंटेनन्सच्या बाकी सगळ्यांना पैकीच्या पैकी, आणि बावीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस डॅशबोर्डवर लाल रंगात.

"सोमवारी त्यांचं पॅनल परमिट काढून घेतो," सर म्हणाले. परमिट म्हणजे विजेचा पॅनल उघडून आत हात घालायची लेखी परवानगी. "स्टोअरमध्ये बसवू त्यांना."

"दोन दिवस द्या, सर. कोर्स माझाच आहे, पण हे मला पटत नाही."

काकांना शेडमध्ये गाठलं. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, चुकलं काय ते तरी सांगा. या वयात स्टोअरात बसवलं तर घरी काय तोंड दाखवू?"

मी मोबाइलवर त्यांचा पेपर उघडला. प्रश्न होता, करंट कधी वाहतो? बरोबर उत्तर, सर्किट बंद असताना. हा प्रश्न मी 'क्रिटिकल' ठेवला होता, तो चुकला की अख्खा पेपर नापास. काकांनी तिन्ही वेळा 'सर्किट चालू असताना' निवडलेलं.

मी समजावायला गेले. पुस्तकात बंद सर्किट म्हणजे वाट कुठंही न तुटलेलं, पूर्ण जोडलेलं सर्किट.

"अहो, बंद म्हंजे बंद!" काका उसळले. "शिडीवरच्या माणसाला मी खालून 'बंद हाय' म्हणून ओरडलो, तर त्यानं हात घालायचा का नाय?"

पुस्तकातलं वाक्य मी जसंच्या तसं उचललं होतं.

"मग बाकीच्यांना कसं जमलं?"

"त्यांच्या ग्रुपवर उत्तरं फिरतेत ना. लई सोपंय."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये एक जुना, सप्लाय नसलेला पॅनल मांडला. शेजारी टेस्ट लॅम्प ठेवला. दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. लागला तर करंट आहे. मी मुद्दाम गेलेला बल्ब लावला आणि कुणालाच सांगितलं नाही, गुण द्यायला आलेल्या सरांनाही नाही.

पॅनलला सप्लाय आहे का ते तपासायला आधी पैकीच्या पैकीवाले दोघं आले. वायरी टेकवल्या, बल्ब लागला नाही. "सप्लाय नाही, काम सुरू करतो." सरांनी दोघांपुढं बरोबरची खूण केली.

काकांनी लॅम्प उचलला आणि पॅनल सोडून सरळ भिंतीकडे निघाले.

"काका, पॅनल इकडं आहे!" सर ओरडले.

काकांनी वायरी भिंतीवरच्या चालू सॉकेटला लावल्या. उजेड नाही. "बल्ब गेलाय, साहेब. दुसरा द्या, मग पॅनलचं सांगतो."

सर माझ्याकडे वळले. "पण पॅनलला सप्लाय नव्हताच ना? मग त्या दोघांचं उत्तरही बरोबरच."

"उत्तर बरोबर होतं, सर. पण त्यांना ते माहीत नव्हतं."

सरांनी दोन्ही खुणा खोडल्या. काकांचं परमिट राहिलं. त्या दोघांचं थांबलं आणि पॅनलवरची परीक्षा सगळ्यांना सक्तीची झाली. सर्किटचा प्रश्न मी त्याच दिवशी काढून टाकला.

आता नवा प्रश्न लिहिला की मी आधी शेडमध्ये जाऊन वाचून दाखवते. कडुबाकाका सगळं नीट ऐकून घेतात आणि न हसता विचारतात, "मॅडम, आज बंद म्हंजे कोन्तं बंद?"