एका ओळीत एक टॅग

पर्लमास्तर कोणाचंही बोलणं मधे तोडत नसत. समोरचा दम घ्यायला थांबला तरी हे गप्पच. मग हळूच विचारायचे, "झालं? का अजून हाय?" फोनवर तर लोकांना लाइन कट झाली असंच वाटायचं.

गंगापूर रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. औषधाच्या खोक्यात जी घडी घातलेली माहितीपत्रकं असतात, त्यांचा मजकूर आम्ही एक्सएमएलमध्ये बसवून द्यायचो. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या आधी एक टॅग उघडायचा, शेवटी तो बंद करायचा: हे औषधाचं नाव, हा डोस. मास्तर मूळचे सुरगाण्याकडचे. एकलहऱ्याला वीज केंद्रात कंत्राटावर असताना मशीनच्या नोंदी चाळण्यासाठी पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि पन्नाशी उलटली तरी आपल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, त्यातच लिहीत होते. पोरं चिडवायची. "तुम्ही शिका बाबा नवीन. माझी जुनी जीप हाय, पण घाट चढते," म्हणून ते हसायचे.

त्यांचा हट्ट एकच. बाहेर पडलेली फाइल माणसाला वाचता आली पाहिजे. एका ओळीत एक टॅग, आतला टॅग दोन घरं आत. मॅनेजर वैतागायचे, "अहो मास्तर, मशीन वाचणार आहे ती. कशाला एवढी सजावट?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "बिघडलं की मला बोलावता, मशीनला नाय." मॅनेजर निघून जायचे.

त्यांचा पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, अख्खी फाइल हातात देत नसे. तो वाचत जातो आणि हाका मारतो: टॅग उघडला, मजकूर आला, टॅग बंद झाला. मी नवीन असताना शेजारी बसवून त्यांनी बजावलं होतं, "पोरी, मजकूर एका दमात येईलच असं नाय. दोन-तीन घासांत पण येतो. टॅग बंद होईस्तोवर साठवायचा, मगच छापायचा. आणि स्क्रिप्टला हात लावलास तर वरती आपलं नाव टाकायचं, काय बदललं तेही. शिव्या कोणाला घालायच्या ते मागनं येणाऱ्याला कळलं पाहिजे."

ते भातलावणीला गावी गेले होते तेव्हा मी शहाणपणा केला. ते साठवणं मला उगाचच वाटायचं. चार ओळी उडवल्या. मजकूर आला की लगेच नव्या ओळीवर छाप. लहान फाइली घालून पाहिल्या, झकास चाललं. वरती नाव टाकायचं राहिलं. राहिलं कसलं, टाकलंच नाही. मास्तर रागावतील, एवढंच डोक्यात होतं.

मोठ्या फाइलमध्ये नेमका शंभरचा आकडा पार्सरने दोन घासांत दिला. एका ओळीवर दहा, खालच्या ओळीवर उरलेलं शून्य आणि मिलिग्रॅम. पत्रकं छापण्याआधीच औषधाच्या कंपनीत कोणाच्या तरी नजरेस पडलं, नशीब. पण ते काम हातचं जाणार हे दिसत होतं.

मास्तर गावाहून परतल्यावर मॅनेजरांनी सगळ्यांसमोर स्क्रिप्ट उघडली. वरती एकच नाव, मास्तरांचं. "कोणी केलं हे?" मास्तरांनी चार ओळींची रिकामी जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. चांगलेच थांबले. माझं प्रोबेशन संपायला एक आठवडा होता. माझं तोंड उघडलं नाही.

"नाव माझं हाय वरती," शेवटी ते म्हणाले. "माझंच समजा."

महिनाअखेरीस त्यांना जायला सांगितलं. निघताना माझ्या टेबलापाशी आले. आता झापणार, असं वाटलं. म्हणाले, "त्या चार ओळी परत टाक. आणि मोठ्या फाइलवर चालवून बघ." मी "हो सर" म्हणाले. रडू यायला हवं होतं, आलं नाही. दुपारी डबा खाल्ला, मेथीची भाजी होती. माझी मलाच चीड येते, पण तीही आता बोथट झाली आहे.

यंदा मास्तर वारल्याचं कळलं आणि मी सुरगाण्याला गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"तू त्यांच्या हापिसातली ना?" त्या म्हणाल्या. "काम सुटलं आन ते निसते बसून राहिले. इचारलं तर सांगत नसत. काय चुकलं व्हतं गं त्यांच्या हातून?"



"लहानशी चूक होती, काकू," मी म्हणाले. "कोणाच्याही हातून होते."



"एवढीशीच?" त्या म्हणाल्या. "आन मी त्यांना रोज तोंडावर म्हनायची, तुमीच कायतरी मोठं करून ठेवलं असंल."