अण्णांची काळी चार

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी तोंडावर बेसूर म्हणालो, आणि तेही एका वायरीच्या भरवशावर. 

अण्णा म्हणजे वडिलांच्या गायन पार्टीतले पेटीवाले. हळ्ळीखेडला आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. वडील गेल्यावरही दर पौर्णिमेला विहारात पेटी तेच वाजवायचे. वडिलांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग एकच, हैदराबादहून आलेल्या एका पाहुण्यानं माझ्या जन्माआधी छोट्या डिजिटल टेपवर केलेलं. टेप घरात होती, ती वाजवणारं मशीन नव्हतं. मागच्या वर्षी ते जुन्या बाजारात सापडलं, आणि जयंतीला वडिलांचा आवाज गावाला ऐकवायचाच असं मी ठरवून टाकलं.

मशीनचा डिजिटल आउट ऑडिओ इंटरफेसला जोडला. आम्ही त्याला साउंड कार्डच म्हणतो. गाण्यामागे थोडं संगीत भरावं म्हणून मिडी कीबोर्डही जोडला. मग आवाज बंद ठेवून टेप लॅपटॉपवर उतरायला लावली आणि विहारातल्या स्पीकरच्या वायरी बघायला निघून गेलो. माझा देवावर विश्वास नाही, पण स्वतः जोडलेल्या वायरीवर होता.

परत येऊन ऐकलं. वडील धीम्या, भारदस्त आवाजात गात होते. पुन्हा पुन्हा ऐकलं. पण कीबोर्डवर सूर धरायला गेलो तर तो सापडेना. काळी तीन आणि पांढरी पाच या पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी लटकलेला. अण्णांना बोलावून ऐकवलं.

"आपली तर काळी चार हुती की," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मशीन खोटं बोलत न्हाई. तुमची पेटीच उतरलेली हाय."

ते उठले. "आसंल बाबा. तुजा बाप कदी बोलला न्हाई बग," एवढंच म्हणून चपला घालून गेले. मी कीबोर्डच त्या सुरापर्यंत खाली ओढला आणि गाणं तयार केलं. जयंतीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर अण्णा विहारात पेटी घेऊन आले नाहीत. गुडघे धरले असतील, असं मी समजलो.

माय तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी उदगीरला होती. दोन महिन्यांनी आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिला गाणं लावून दिलं.

"ह्यो कोन गायलाय?"

"कोन म्हंजी? बाबा हायत की, माय."

"मागं कोरसला मी हाय. ह्यो बाप्याचा आवाज माजा व्हय रं?"

मी हबकलोच. लगेच सेटिंग उघडलं. मशीन सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आवाजाचे नमुने पाठवत होतं आणि लॅपटॉपमधला माझा प्रोजेक्ट चव्वेचाळीस हजार शंभरवर होता. तेवढ्या फरकानं अख्खं गाणं संथ होऊन खाली घसरलं होतं. गळा, ढोलकी, पेटी, सगळंच. इंटरफेस जोडताना पहिल्यांदा बघायचा आकडा, आणि नेमका तोच या शहाण्यानं बघितला नव्हता.

आकडा बदलून टेप पहिल्यापासून उतरवली. या वेळी जागचा हललो नाही. वडील बारीक, चपळ आवाजात गायला लागले, माझ्यापेक्षा तरुण. मायचे ओठ हलायला लागले. मी कीबोर्डवर काळी चार दाबली. पेटी तिच्यावर तंतोतंत बसली. अण्णांना काय बोललो होतो ते मायला सांगितलं.

"बापाला वळखलं न्हाईस," माय म्हणाली. "अन् अण्णाला कामून बोल्लास तसं?"

लॅपटॉप उचलून तसाच अण्णांकडे पळालो. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. बोटं मांडीवर चालत होती. मी त्यांचे पाय धरले.

"चूक माजी हुती, अण्णा. तुमची पेटी सुरातच हुती. येत्या पौर्णिमेला काडा ती."

"पेटी?" अण्णा म्हणाले. "ती तर भंगारवाल्याला दिली की बाबा. बेसूर पेटी दुसऱ्या कुनाच्या गळ्यात कशी बांदावी?"