पुढची चौकट

"बैल छान जमलाय. हा माणूस तेवढा काढून टाक. मग चित्रात शांतता येईल."

सर असं म्हणाले आणि पांढऱ्या रंगाची बाटली माझ्यापुढं सरकवली. पुण्यातलं चित्रकलेचं कॉलेज, मुलाखतीची खोली, मागं रांगेत बसलेली मुलं. कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आप्पा.

पोर्टफोलिओ म्हणून मी कॉमिकच नेलं होतं. आमच्या न्हावरे गावचा पोळा, एकेका चौकटीत. आप्पा गवत पेटवून हलगी तापवतात. मग आप्पा वाजवत पुढं, मागून पाटलांचा मानाचा बैल. बैल दारात उभा राहतो. पाटलीणबाई त्याला ओवाळतात, पुरणपोळी हातानं भरवतात. लाळ हाताला लागते, ती पदराला पुसतात. शेवटच्या चौकटीत आप्पा वाकून झोळी पसरतात आणि त्यांची पोळी वरून पडते. हात लागू नये म्हणून.

आप्पांनी ते पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "मला असं वाकलेलं का काढलंस गं?"

"तुम्ही वाकला व्हता म्हणून."

त्यांनी कॉमिक माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच."

आणि हे सर म्हणत होते, पुसून टाक. वर समजावत होते, "कार्टून म्हणजे काही कला नव्हे. ग्रामीण सौंदर्य दाखव. एवढं दुरुस्त कर, घेऊन टाकू तुला."

घेऊन टाकू. मला ॲडमिशन हवीच होती. गावाबाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. मी ब्रश उचललासुद्धा. पांढऱ्यात बुडवला, आप्पांच्या पाठीपर्यंत नेला. सरही वरूनच टाकत होते आणि मी वाकले होते.

ब्रश ठेवला. पेन काढलं. खाली जागा होती, तिथं एक चौकट आखली. त्यात सरांचा हात काढला, घड्याळासकट. हातात पांढरा ब्रश. ब्रशखाली आप्पा.

"हे काय?" सर म्हणाले.

"पुढची चौकट, सर."

कॉलेजनं मला घेतलं नाही. परतीची एसटी यवतला थांबली तेव्हा मी घरी फोन लावला.

"झालं का गं काम?"

"न्हाई. आन् आप्पा, यंदा पोळ्याला झोळी न्यायची न्हाई. मला ते परत काढायचं न्हाई."

आप्पा म्हणाले, "व्हय."

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच खोलीत जाणार आहे. हेच कॉमिक घेऊन. त्यात आप्पा असणार. आणि आता सरही असणार.