शेडमागची ऐरण

खोपोलीच्या एका गॅल्वनायझिंगच्या कारखान्यात सहदेव सव्वीस वर्षं जस्ताच्या कढईवर आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. मालक शशिकांत यांच्या मुलीच्या लग्नात मी तीनदा जिलबी वाढून घेतली आहे. सहदेव तसा अबोल. पण चिडला की त्याची बायको सोनाबाई शेजाऱ्यांना निरोप धाडते, आज आमच्याकडं येऊ नका.

या कढईत नळाचे बिडाचे एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, गंजू नयेत म्हणून न्हाऊन निघतात. हे बीड साधं नव्हे. हातोडा मारला तर वाकतं, फुटत नाही. पण त्यातली एखादी खेप खोडकर निघते. तापल्या जस्तातून बाहेर आली की काचेसारखी ठिसूळ. इलाज जुना आहे: आधी भट्टीत लालसर होईतो तापवायचं, झटकन पाण्यात टाकायचं, मगच जस्त. शिवाय दर टोपलीतला एक नग ऐरणीवर ठोकायचा. वाकला तर टोपली पुढे, फुटला तर मागे.

नवा मॅनेजर अजेय, आमच्या कर्जतच्या वकिलांचा धाकटा. बारावीला तीन शिकवण्या लावल्या होत्या, त्यातल्या दोन मला ठाऊक आहेत. त्याने भट्टी बंद केली. "पाण्यातच बुडवायचं ना? मग जस्तानंतर बुडवा. गॅस वाचेल." ऐरण शेडमागच्या गवतात टाकायला लावली, चांगला माल फोडायचा कशाला?

महिन्याभरात ठाकुरवाडीकडच्या पाण्याच्या लाइनीवर पाना आवळला की एल्बो तडकू लागले. अजेयने सहदेवाला नोटीस दिली: कढई जास्त तापवली, चूक कबूल करून सही कर, नाहीतर घरी बस. सव्वीस वर्षांच्या माणसाला. ऐकून माझा चहा गार झाला.

सहदेव नोटीस घेऊन थेट शशिकांतशेठकडे गेला. "शेट, एकाच खेपेतलं दोन नग काडा. एक माज्या पद्धतीनं, एक सायबांच्या. घण सायबांनीच मारायचा. माजा फुटला तर मी सही करतो."

दुपारी सगळे शेडमागे जमले. अजेयने आपला एल्बो ऐरणीवर ठेवला. एका घावात दोन तुकडे.

"हात जड हाय सायबांचा," मागून विलास म्हणाला. तो ॲसिडच्या टाकीवर असतो.

मग सहदेवाचा नग. एक घाव, दोन, पाच. अजेयचा सदरा पाठीला चिकटला. एल्बो चपटा झाला, वाकला, फुटला मात्र नाही.

"बरं, भट्टी सुरू करा," शशिकांत म्हणाले. "झालं गेलं विसरा, सहदेव."

"नाय शेट. कढईची चूक नव्हती, असं सायबांनी लिवून द्यायचं. आत्ता, हितंच."

अजेयने मालकाकडं पाहिलं. मालक गवताकडं बघत होते. त्याने लिहून दिलं. सहदेवाने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"आता ऐरण," तो म्हणाला. "कढईपाशी व्हती."

अजेय वाकला. एका बाजूने जेमतेम वीतभर उचलली गेली. दुसरं टोक धरायला आजूबाजूला बारा माणसं होती. एकही हललं नाही.