पापण्यांची रोजी

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सिंदेवाहीत माझं पार्लर सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. नागपूरला जाऊन नकली पापण्या लावायला शिकून आले आणि भाव ठरवताना घोडं अडलं. नवरीच्या दाट, काळ्याभोर पापण्यांची पट्टी पाच मिनिटांत चिकटते. तिचे पन्नास रुपये लोक हसत देत. खऱ्या वाटाव्यात अशा पापण्या मात्र चिमट्यानं एकेक केस ठेवून लावाव्या लागतात. दोन तासांत मान मोडून जाते आणि केलेलं काम कुणाला दिसतही नाही. भावांचा बोर्ड रंगवायला आलेला पेंटर म्हणालाच, "बाई, खऱ्यासारख्याच दिसतेत, त लावाच्या काऊन?" मला राग आला, तरी दोन्हींचे पन्नासच लिहून घेतले.

एका दुपारी डोक्यावर घट्ट पदर घेतलेली एक बाई आली. शेतात धानाच्या रोवण्याला जाणारी. कॅन्सरच्या औषधांनी तिचे केस, भुवया, पापण्या सगळं गेलं होतं. पाच महिने नागपूरच्या दवाखान्यात काढून ती नुकतीच घरी परतली होती. तीन वर्षांची लेक तोवर मावशीकडे होती.

"लेक मले पाहून रडते," ती म्हणाली. "म्हणते, हे माही आई नोहोय. डॉक्टरले पुसून आली मी. जशी होती तशी करून द्या." तिनं जुना फोटो पुढे केला.

मी पन्नास सांगितले. बिचारीच्या पैशाचं चीज व्हावं म्हणून सगळ्यात दाट पट्टी काढली आणि लावली. तिनं आरसा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"बाई, हे त नवरी झाली. लेक आणखी भेईन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टी काढली आणि म्हटलं, आता एकेक केस लावून देते, पैसे नकोत. तशी ती ताठ झाली.

"फुकटच्या कामात मन लागत नाई. रोवण्याचा गुत्ता, म्हंजे एकरी ठेका घेतला, का आमी बी घाई करतो. अंगावरचं काम ना ते. रोजीनं गेलो त हात सावकाश चालते. तुमी रोजी सांगा."

पार्लरात मला दिवसभरात काय मिळतं ते मनात धरून मी दोन तासांचे साठ सांगितले. "माही दीड दिवसाची रोजी," ती म्हणाली आणि डोळे मिटून आडवी झाली. फोटोत पाहून मी कुठे आखूड, कुठे लांब, बाहेरच्या कोपऱ्यात विरळ असे केस लावले. माझा हात कधी इतका सावकाश चालला नव्हता. उठल्यावर ती बराच वेळ आरशासमोर उभी राहिली, मग साठ रुपये मोजून ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन आली. डाव्या डोळ्याच्या पापण्या निम्म्या गायब. माझा पाराच चढला. "अहो, इतके डोळे कशाला चोळायचे?"

ती हसली. "चोळले नाई. लेकीनं काढले. पहिल्या दिशी दुरूनच पाहे. मंग जवळ आली, बोट लावलं, त एक केस निघाला. तिले हासू आलं. मांडीवर बसून एकेक काढत राह्यली. मी काढू देल्ले. आता माह्याच कुशीत झोपते. उरल्या त्या काढून द्या, बाई. आता नाई लागत."

मी तिला खुर्चीत बसवलं. मुलगी तिच्या मांडीवर. कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून मी पापणीला लावला मात्र, आणि त्या चिमुरडीनं माझा हात फाडकन झिडकारला.

"हात नोको लावू," ती माझ्यावर ओरडली. "माही आई हाय."