रुबीनाने फक्त रीस्टार्ट केलं होतं

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

पनवेलला आमचं छोटं ऑफिस होतं. न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या ट्रेलरचे गेटपास ज्यावर निघायचे, ते सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. मी सगळ्यांत सीनियर. रुबीना नवीन — उरणची, हुशार, थोडी घाबरट. या नोकरीखातर तिच्या अब्बांनी आलेलं स्थळ थांबवून धरलं होतं. डबा खाताना तिनेच सांगितलं होतं मला. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं.

आमच्या सर्व्हरची एक खोड होती. सुरू होताना तो सगळ्या फाइली एकदाच वाचून घ्यायचा आणि मग तेच घोकत बसायचा. मागाहून फाइल बदलली तरी त्याला पत्ता नाही. रीस्टार्ट केलं की मगच नवं वाचणार. म्हणून ऑफिसात नियम होता — जो बदल करेल, त्यानेच लगेच रीस्टार्ट करायचं. नियम कुणाचा? माझाच.

एका दुपारी मी कंटेनरचा नंबर तपासणारी फाइल बदलली. गेटवर गर्दी होती. रीस्टार्ट केलं असतं तर तेवढा वेळ पास थांबले असते आणि शिव्यांचे फोन आले असते. नंतर करू म्हटलं — आणि विसरलो. एक पास काढून पाहिला, तो व्यवस्थित निघाला. निघणारच, आत जुनंच चालू होतं! मी आपला खुशीत घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात रुबीनाने एका बटणाचं नाव बदललं आणि नियमाप्रमाणे रीस्टार्ट केलं. त्याबरोबर सर्व्हरने माझी फाइल वाचली. एकही पास निघेना. ट्रेलरची रांग पार हायवेपर्यंत गेली. मालक केबिनमधून ओरडतच बाहेर आले, "सर्व्हरला हात कोणी लावला?"

"सर, मी फक्त बटणाचं नाव बदललं हो, अल्ला कसम." हे ती मालकांना नाही — मला म्हणाली. माझ्यावर विश्वास होता ना तिचा.

मी फाइल उघडली. चूक माझी होती, पाहताक्षणी कळलं. गुपचूप जुनी फाइल परत ठेवली, रीस्टार्ट केलं, पास निघायला लागले. काय झालं होतं, असं मालकांनी विचारलं. मी म्हणालो, "नवीन आहे ती, होतं असं."

सांभाळून घेतल्यासारखं वाटतं, नाही? त्याच वाक्याने मी तिला बुडवलं. घाबरलो होतो म्हणू? घाबरलो होतोच — पण शब्द मात्र नीट निवडून वापरले होते. त्याची लाज जास्त वाटते.

तिला काढलं. जाताना तिने माझे आभार मानले — तुम्ही होतात म्हणून निभावलं, सर.

परवा करंजाड्याला भेटली, लेकीला घेऊन भाजी घेत होती. त्यानंतर कॉम्प्युटरला हातच लावला नाही म्हणाली. "मला ते जमणारं नव्हतंच, सर."

ती हसत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी मान डोलावली.